समुद्रातली तेलगळती: रॉयल्टी घेणाऱ्यानेच राखण करायची का?

उधाण (धागाकर्ती)

डीपवॉटर होरायझनचा विषय निघाला की चर्चा दोनच ठिकाणी जाऊन अडकते. एक म्हणणार, तेल कंपन्या मुळातच हावरट. दुसरा म्हणणार, अपघात कुठे होत नाहीत, तेल तर सगळ्यांनाच लागतं. दोन्हीकडचे तावातावाने भांडतात आणि ज्या सरकारी खात्याने त्या विहिरीच्या कागदांवर सह्या केल्या ते खातं बाजूलाच राहतं. हा धागा त्या खात्याबद्दल आहे.

घटना बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात. २० एप्रिल २०१० ची रात्र, मेक्सिकोचं आखात, लुईझियानाच्या किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटर आत, पाण्याची खोली दीड किलोमीटर. मॅकोंडो विहिरीचं खोदकाम संपलं होतं. ती तात्पुरती बंद करून रिग, म्हणजे खोदकामाचा तरंगता मंच, दुसरीकडे हलवायची तयारी चालली होती. विहीर बीपी या तेल कंपनीची, डीपवॉटर होरायझन ही रिग ट्रान्सओशनची, सिमेंटचं काम हॅलिबर्टनकडे. विहिरीतून वायू वर उसळला, स्फोट झाला, ११ कामगार गेले. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि तेल ८७ दिवस वाहत राहिलं. एकूण ४९ लाख बॅरल तेल बाहेर आलं असा सरकारी अंदाज. दंड ठरवताना न्यायालयाने ३१.९ लाख बॅरल धरले.

आता ते खातं. मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस, स्थापना १९८२. समुद्रतळाचे भूखंड लिलावात काढून कंपन्यांना द्यायचे, निघालेल्या तेलावर रॉयल्टी गोळा करायची, आणि त्याच कंपन्या नीट, सुरक्षितपणे काम करतात की नाही तेही तपासायचं, असा तिहेरी कारभार. अमेरिकेच्या तिजोरीत करांखालोखाल मोठी भर घालणाऱ्या खात्यांमध्ये याचा नंबर होता. अशा खात्यात कुणाचं कौतुक होणार? जास्त भूखंड विकले, लवकर परवाने दिले, त्याचं. काम थांबवून खुलासा मागणारा निरीक्षक तिथे अडचणीचाच ठरणार.

त्याचे परिणाम आकड्यांत दिसतात. दुर्घटनेनंतर त्याच मंत्रालयाच्या समितीने हिशेब मांडला. पॅसिफिक किनाऱ्यावर २३ ठिकाणांसाठी १० निरीक्षक होते, म्हणजे दोनेक ठिकाणांमागे एक. मेक्सिकोच्या आखातात, जिथे खरा धंदा होता तिथे, सुमारे ३००० ठिकाणांसाठी ५५. एका माणसाच्या वाट्याला पन्नासच्या वर ठिकाणं, तीही हेलिकॉप्टरने गाठायची.

मॅकोंडोच्या खोदाई आराखड्याला पर्यावरणाच्या सविस्तर तपासणीतून सूट मिळाली होती. बीपीने आखातासाठी दिलेल्या तेलगळती आराखड्यात संरक्षण करायच्या प्राण्यांमध्ये वॉलरसचं नाव होतं. वॉलरस हा आर्क्टिकचा प्राणी, आखातात तो नसतोच. दुसरीकडचा मजकूर उचलून चिकटवलेला. तो आराखडा खात्यात आला, मंजूर झाला, फाइलला लागला. ज्याचं काम वाचणं होतं त्याने तो वाचलाच नाही, याहून वेगळा अर्थ मला लावता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच. दंड, भरपाई, खटले हे सगळं तेल सांडल्यावरचं. त्याच्या आधी एक क्षण असतो, जेव्हा कुणाच्या तरी हातात लेखणी असते आणि तो 'नाही' म्हणू शकतो. त्या माणसाच्या खात्याचं पोट जर त्याच तेलावर भरत असेल तर तो 'नाही' म्हणणार नाही. तेव्हा रॉयल्टीची तिजोरी आणि सुरक्षेची लेखणी एका छताखाली असता कामा नये.

आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा तेलाचा प्लॅटफॉर्म जळाला, १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या, सगळ्या मान्य झाल्या. त्यातली एक मोठी शिफारस अशी की समुद्रातल्या सुरक्षेचं काम ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य आणि सुरक्षा खात्याकडे द्यावं. ब्रिटनने दिलं. अमेरिकेला हाच धडा २० वर्षं आयता उपलब्ध होता. मॅकोंडो पेटल्यावर मगच खातं फोडलं.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः या क्षेत्रात काम केलेल्यांनी लिहावं ही विनंती.


कातळ

चांगला धागा, पण निष्कर्ष पटला नाही.

तुमचीच मांडणी घेतो. सरकारी खात्याने सूट दिली, सरकारी खात्याने आराखडा न वाचता मंजूर केला, सरकारी खात्याने निरीक्षक नेमले नाहीत. आणि यावर उपाय काय, तर आणखी एक सरकारी खातं! बीपीला या प्रकरणात एकूण ६५ अब्ज डॉलरच्या आसपास खर्च आला, कंपनीनेच सांगितलेला आकडा आहे. भागधारकांचं कंबरडं मोडलं. मला वाटतं, एवढा फटका बसल्यावर कुठल्याही तेल कंपनीच्या संचालक मंडळाला निरीक्षकाची वाट बघावी लागत नाही. जबाबदारी पूर्ण टाका, पळवाटा बंद करा, कंपन्या आपोआप सावध होतील.

दुसरं म्हणजे, हा फक्त खासगी कंपन्यांचा दोष आहे असं वाटून घेऊ नका. १९७९ ला मेक्सिकोच्याच कांपेचे उपसागरात इक्स्टॉक-१ विहीर उसळली. जूनमध्ये सुरू झालेलं तेल पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत वाहत होतं. विहीर पेमेक्सची, म्हणजे सरकारचीच. टेक्सासच्या किनाऱ्यावर तेल पोचल्यावर अमेरिकेतून भरपाई मागितली गेली तेव्हा पेमेक्सने सार्वभौम सरकारी संस्था म्हणून हात वर केले. बीपीने निदान पैसे तरी दिले.


न्यायप्रविष्ट

@कातळ, 'जबाबदारी पूर्ण टाका' हे वाक्य लिहायला सोपं आहे. कायद्यात ती कधीच पूर्ण नव्हती, तिथेच तुमचा मुद्दा अडतो.

अमेरिकेचा १९९० चा तेल प्रदूषण कायदा पाहा. सफाईचा खर्च कंपनीवर पूर्ण, पण मच्छीमार, हॉटेलवाले, किनाऱ्यावरचे लोक यांच्या नुकसानभरपाईला समुद्रातल्या विहिरींसाठी कमाल मर्यादा होती ७.५ कोटी डॉलर. हो, कोटी. मॅकोंडोच्या वेळी हीच मर्यादा लागू होती. घोर निष्काळजीपणा किंवा सुरक्षा नियमांचा भंग सिद्ध झाला तर ती उठते, पण सिद्ध करायला वर्षं जातात. बीपीने मर्यादेचा आग्रह सोडला आणि जून २०१० मध्ये २० अब्जांचा निधी ठेवायला तयार झाली, कारण राष्ट्राध्यक्षांनी बोलावून घेतलं होतं आणि समुद्रतळावरच्या कॅमेऱ्यातून उसळणारं तेल सगळं जग रोज बघत होतं. छोटी कंपनी असती, कॅमेरा नसता, तर?

एक्झॉन व्हाल्डिझचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर चढलं मार्च १९८९ मध्ये. १९९४ ला ज्युरीने ५ अब्ज डॉलरचा दंडात्मक निवाडा दिला. कंपनी लढत राहिली. अपिलात तो अर्धा झाला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५०.७५ कोटींवर आणला. मधल्या १९ वर्षांत दावेदारांपैकी हजारो माणसं वारली. ज्याच्याकडे वकील पोसायचे पैसे आहेत त्याच्यासाठी उशीर हाच नफा असतो.

आणि ते २०.८ अब्ज, २०१५ ची बीपीची तडजोड? त्यातला ५.५ अब्जांचा स्वच्छ जल कायद्याखालचा दंड करातून वजा करता येत नाही. उरलेल्यापैकी मोठा भाग मात्र व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवायची मुभा होती. म्हणजे तुम्ही ज्याला फटका म्हणता त्याचा काही वाटा शेवटी करदात्यांनीच उचलला.


शिंपला

भरपाईने काय भरून निघतं तेही बघू या. माझा विषय सागरी जीवशास्त्र, म्हणून तेवढंच लिहिते.

मॅकोंडोच्या वेळी हजारो नावा, किलोमीटरच्या किलोमीटर तरंगते बांध, तवंग जाळणं, विमानांतून फवारणी, सगळं झालं. सरकारने तेलाचा ताळेबंद काढला. विहिरीच्या तोंडावरच पकडलेलं तेल १७ टक्के. जाळलेलं ५ टक्के. पृष्ठभागावरून उपसलेलं ३ टक्के. एवढ्या अवाढव्य मोहिमेतून उपसलं ३ टक्के! सांडलेलं तेल 'साफ' होत नाही हे लोकांनी एकदा नीट समजून घ्यायला हवं. ते पसरतं, विरतं, तळाला बसतं, दलदलीत मुरतं. विखुरक, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करणारं रसायन, जवळपास ७० लाख लिटर वापरलं, त्यातलं बरंचसं थेट विहिरीच्या तोंडाशी, दीड किलोमीटर खोल. तेल वर दिसेनासं झालं, पण पाण्यात राहिलंच.

लुईझियानातल्या बाराटारिया उपसागरात डॉल्फिनवर नंतर काही वर्षं अभ्यास झाला. फुप्फुसाचे आजार, अधिवृक्क ग्रंथींचे बिघाड. गाभण माद्यांपैकी जेमतेम २० टक्क्यांची पिल्लं जगली, जिथे निरोगी ठिकाणी हे प्रमाण ८० च्या वर असतं. अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये, जिथे व्हाल्डिझचं तेल सांडलं होतं, हेरिंग माशांचे थवे १९९३ मध्ये कोसळले. त्यामागे तेल किती आणि रोगराई किती यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, पण तिथली हेरिंगची मासेमारी पूर्वीसारखी परत उभी राहिली नाही. तिथल्या काही किनाऱ्यांवर दगडगोट्यांखाली खणलं की तेल लागायचं, अपघातानंतर दशकं उलटल्यावरही.

@कातळ, हेरिंगला चेक देता येत नाही. तुमचं 'नंतर मोजा' हे तत्त्व माणसांच्या मालमत्तेला कदाचित चालेल. समुद्राला नाही चालत.


सुकाणू

धागाकर्तीने क्षेत्रातल्या लोकांना लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो. ड्रिलिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. मॅकोंडोचे चौकशी अहवाल पानन् पान वाचले आहेत.

त्या दिवशीची एक चाचणी नीट समजून घ्या, मग नियम कशासाठी असतात ते कळेल. विहिरीच्या तळाशी सिमेंट घातलं की ते धरलं का हे बघायला निगेटिव्ह प्रेशर टेस्ट करतात. विहिरीत जड मड असतो, म्हणजे खोदाईचा चिखल. त्याच्या वजनाने खालचा वायू दाबून धरलेला असतो. चाचणीत तो दाब मुद्दाम कमी करायचा, मडच्या जागी हलकं समुद्राचं पाणी आणायचं, पाइपातला दाब शून्यावर सोडायचा आणि बंद करून थांबायचं. सिमेंट पक्कं असेल तर काटा शून्यावरच राहतो. काटा वर चढला तर खालून काहीतरी आत येतंय.

त्या संध्याकाळी दाब सोडला की परत चढायचा. सोडला, परत चढला. शेवटी ड्रिल पाइपवर काटा १४०० पीएसआयवर स्थिर राहिला. त्याच वेळी बाजूच्या किल लाइनवर मात्र दाब शून्य, प्रवाह शून्य. दोन्ही नळ्या एकाच विहिरीत उतरलेल्या. एक म्हणते सगळं ठीक, दुसरी म्हणते खाली वायू आहे. अशा वेळी एकच शहाणपण असतं: जी वाईट बातमी सांगते ती खरी धरायची आणि थांबायचं. तिथे 'ब्लॅडर इफेक्ट' नावाचं स्पष्टीकरण पुढे आलं, वरच्या जड मडच्या दाबामुळे काटा चढतो म्हणे. चौकशीत तज्ज्ञांनी ते मोडीत काढलं. चाचणी पास ठरली, मड काढायला सुरुवात झाली, आणि काही तासांत विहीर उसळली.

आता नियमांचं बघा. ही चाचणी केलीच पाहिजे असं त्या खात्याच्या नियमांत कुठेही नव्हतं. कशी करायची, किती वेळ थांबायचं, पास म्हणजे काय, काहीच नाही. सिमेंटचा प्लग समुद्रतळाखाली १००० फुटांच्या आत बसवावा असा नियम होता. कंपनीने तो ३००० फुटांहून खोल बसवायची परवानगी मागितली, मिळाली. त्यामुळेच एवढा मड काढावा लागला आणि विहिरीवरचं वजन एवढं हलकं झालं. सिमेंट किती चिकटलंय हे मोजायला एक चमू रिगवर आलेला होता. मोजणी न करताच त्याला त्याच सकाळी परत पाठवलं.

रिगचं भाडं आणि बाकी खर्च धरून दिवसाला दहा लाख डॉलरच्या घरात जात होते. विहीर जवळपास सहा आठवडे मागे पडलेली. कुठलाही एक निर्णय घ्या, प्रत्येकात वेळ वाचत होता. कुणी मुद्दाम माणसं मारायला बसलं नव्हतं. पण 'थांबा' म्हणायला बाहेरून कुणीच नव्हतं, आणि आतून म्हणणाऱ्याला दिवसाचे दहा लाख दिसत होते.


चौकस

सुकाणू, फार स्पष्ट लिहिलंत, धन्यवाद. एक शंका. असं ऐकलंय की रिगवर कुणीही कामगार काम थांबवू शकतो, तसा अधिकारच असतो. मग कुणी थांबवलं का नाही? आणि ब्लोआउट प्रिव्हेंटर ऐन वेळी का चालला नाही?


सुकाणू

@चौकस, अधिकार असतो, कागदावरही असतो आणि हात घसरेल, डोक्यावर काही पडेल अशा ठिकाणी वापरलाही जातो. विहिरीच्या आतल्या दाबाबद्दल तो वापरायला ज्ञान लागतं आणि शब्दाला वजन लागतं. त्या रिगवर त्या दिवशी बीपीचे आणि ट्रान्सओशनचे वरिष्ठ पाहुणे आले होते. निमित्त काय, तर सात वर्षांत कामाचा दिवस बुडेल अशी एकही दुखापत नाही. आकडा खरा होता. पण घसरून पडण्याचे आकडे चांगले असले म्हणजे विहीर सुरक्षित असते असं नाही. दोन्हींचा काहीही संबंध नाही, आणि कंपन्या तसंच नियामकही वर्षानुवर्षं पहिलाच आकडा बघत राहिले.

ब्लोआउट प्रिव्हेंटरबद्दल: समुद्रतळावर बसवलेलं अवाढव्य यंत्र, शेवटचा उपाय म्हणून. त्यातली कातरणारी पाती पाइप कापून विहीर बंद करतात. इथे दाबामुळे पाइप वाकून पात्यांच्या मधोमध राहिला नाही, त्यामुळे कापून सीलबंद झालंच नाही. शिवाय नियंत्रण कप्प्यांपैकी एकात बॅटरी उतरलेली, दुसऱ्यात सोलेनॉइडची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेची, वायर चुकीची जोडलेली. पहिली गोष्ट रचनेची आहे. दुसरी सरळ देखभालीची, आणि देखभाल तपासायची असते.


कातळ

सुकाणूंचा प्रतिसाद वाचून विचारात पडलो. चाचणीचा नियमच नव्हता हे माहीत नव्हतं.

पण मग प्रश्न असा की नियम लिहिणार कोण? खोल पाण्यातलं तंत्रज्ञान कंपन्यांकडे. हुशार अभियंता सरकारी पगारावर किती दिवस टिकेल? नियम लिहिणाऱ्यापेक्षा नियम मोडणाऱ्याला जास्त कळत असेल तर नियमपुस्तक कितीही जाड असो, कंपनी त्याच्या पुढेच राहणार. उलट जाड नियमपुस्तकाचा फायदा मोठ्या कंपनीलाच, कारण तिच्याकडे कागद भरायला माणसं असतात.


उधाण

कातळ, हा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि पायपर अल्फानंतर नेमका हाच प्रश्न ब्रिटनसमोर होता.

तिथे काय झालं ते आठवा. कंडेन्सेटच्या एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली, तिच्या जागी नुसती तबकडी बसवलेली. हे रात्रपाळीला कळलं नाही, कारण दुरुस्तीच्या परवान्याचे कागद नीट हातात आले नाहीत. चालू पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. पहिला स्फोट झाला. त्यानंतरही शेजारचे टार्टन आणि क्लेमोर हे प्लॅटफॉर्म पायपरला जोडलेल्या वाहिन्यांतून माल सोडतच राहिले. आगीच्या ज्वाळा दिसत असताना! उत्पादन थांबवायचा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यायला तिथले प्रमुख कचरले. मला ही गोष्ट कधीच विसरता येत नाही. तिथे तंत्रज्ञान कमी पडलं नव्हतं.

कलन यांनी यादी वाढवली नाही, उलटं केलं. आधीचा कारभार असा होता की सरकार यादी देणार, कंपनी खुणा करणार. नवा असा की कंपनीनेच लिहून द्यायचं: आमच्या प्लॅटफॉर्मवर काय काय बिघडू शकतं, त्यातून माणसं कशी मरू शकतात, आणि ते होऊ नये म्हणून आम्ही काय केलंय. याला सेफ्टी केस म्हणतात, १९९२ पासून ते बंधनकारक आहे. नियामकाने तो स्वीकारल्याशिवाय प्लॅटफॉर्म चालवता येत नाही. सिद्ध करायचा भार कंपनीवर. तंत्रज्ञान तिला जास्त कळतं ना, मग धोके मांडायचं कामही तिचंच. नियामकाने खोचक प्रश्न विचारायचे आणि समाधान झालं नाही तर अडवायचं.

यासाठी हुशार माणसं लागतात, हे खरं. तो खर्च कंपन्यांकडून शुल्क म्हणून घेतात. पण ते शुल्क तपासणीचं असतं. किती तेल निघालं यावर ते अवलंबून नसतं, आणि माझ्या मते सगळा फरक तिथे पडतो.


न्यायप्रविष्ट

थोडं थंड पाणी ओततो. पायपर अल्फाच्या मालक कंपनीवर, ऑक्सिडेंटलवर, फौजदारी खटला झालाच नाही. १६७ माणसं. नियम सुधारले हे खरंच मोठं काम, पण जबाबदार कुणीच ठरलं नाही.

मॅकोंडोतही तेच. बीपीने कंपनी म्हणून ११ मृत्यूंबाबत गुन्हा कबूल केला, ४ अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं. २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी घोर निष्काळजीपणा मान्य करून दोष वाटून दिला: बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३०, हॅलिबर्टन ३. पण त्या मृत्यूंबद्दल माणूस म्हणून खटला कुणावर भरला? रिगवरच्या दोन पर्यवेक्षकांवर. मनुष्यवधाचे आरोप पुढे मागे घेतले गेले, कुणी तुरुंगात गेलं नाही. वेळ आणि पैसा यांचा दबाव ज्यांनी वरून टाकला त्यांच्यापर्यंत कायदा पोचलाच नाही. कलन यांच्या पद्धतीत सेफ्टी केसवर वरिष्ठाची वैयक्तिक सही आणि त्या सहीमागे वैयक्तिक शिक्षा असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.


शिंपला

सीमेपलीकडच्या नुकसानाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मोंटारा आठवून देते.

२१ ऑगस्ट २००९, तिमोर समुद्र, ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतली विहीर, थायलंडच्या सरकारी तेल कंपनीची उपकंपनी. ७४ दिवस तेल वाहिलं. चौकशीत कंपनीसोबत नियामकाचेही वाभाडे निघाले. तो नियामक म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीचं खातं, आणि त्याच्यावर ठपका हाच की कंपनी म्हणेल त्याला मान डोलावत होतं. विहिरीवर दाब रोखणारं एक टोपण बसवायचं राहून गेलं आणि ते कुणी बघितलंच नाही. दंड किती? ५ लाख १० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर.

पण पाण्याला हद्द नसते. इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारात रोटे बेटावर आणि आसपास हजारो कुटुंबं समुद्री शैवालाची शेती करतात. उथळ पाण्यात दोऱ्या ताणून त्यांना शैवालाचे तुकडे बांधायचे, महिना-दीड महिन्यात काढायचे, वाळवून विकायचे. २००९ च्या सप्टेंबरपासून ते शैवाल पांढरं पडून गळायला लागलं. कंपनी म्हणत राहिली आमचं तेल तिथे पोचलंच नाही. १५ हजारांवर शेतकऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात दावा लावला. २०२१ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला, २०२२ मध्ये १९.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला तडजोड झाली. १३ वर्षं. शैवालाच्या शेतीवर पोरांना शाळेत पाठवणाऱ्या घरातलं एक मूल तेवढ्या काळात पहिलीतून कॉलेजपर्यंत पोचतं.


न्यायप्रविष्ट

@शिंपला, अत्यंत महत्त्वाचं. यात एक मोठं भगदाड आहे जे लोकांना माहीत नसतं. टँकर जहाजातून तेल सांडलं तर आंतरराष्ट्रीय करार आहेत, १९६७ च्या टोरी कॅन्यननंतर झालेले. मालकाची जबाबदारी, सक्तीचा विमा, वर भरपाई निधी. समुद्रातल्या विहिरीतून सांडलं तर जगभर लागू होणारा असा एकही करार नाही. शेजारच्या देशातल्या विहिरीचं तेल तुमच्या किनाऱ्याला लागलं तर तुम्ही त्या देशाच्या न्यायालयाचा दरवाजा ठोठवायचा. तोही वेळेत. नायजेरियाजवळच्या बोंगा क्षेत्रात डिसेंबर २०११ मध्ये शेलच्या टँकरभरणीत सुमारे ४०,००० बॅरल सांडले. किनाऱ्यावरच्या लोकांनी लंडनमध्ये दावा केला. नुकसान अजून चालूच आहे हा त्यांचा युक्तिवाद २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. गळती ही एकदाच घडलेली घटना, म्हणून मुदत तेव्हापासूनच मोजायची.


चौकस

मग अमेरिकेत खातं फोडून फरक पडला का? की नुसत्या पाट्या बदलल्या?


उधाण

@चौकस, दोन्ही. तीन तुकडे केले: रॉयल्टी एकाकडे, भूखंड दुसऱ्याकडे, सुरक्षा तिसऱ्याकडे. तीनही त्याच मंत्रालयात राहिले, ब्रिटनसारखं मंत्रालय बदललं नाही. चाचण्यांचे नियम आले, प्रत्येक कंपनीला सुरक्षा व्यवस्थापनाची पद्धत सक्तीची झाली. ब्लोआउट प्रिव्हेंटरचे सविस्तर नियम यायला २०१६ उजाडलं, सरकार बदलल्यावर २०१९ मध्ये त्यातली काही कलमं सैल केली, २०२३ मध्ये काही पुन्हा आवळली. नियम निवडणुकीबरोबर हलायला लागले की कंपनीही चार वर्षं कळ काढते.

नॉर्वेने हे २००४ मध्येच केलं. तेलसाठ्यांचं व्यवस्थापन एका संस्थेकडे, सुरक्षा स्वतंत्र संस्थेकडे. आणि तिथे नियम ठरवताना तीन पक्ष बसतात: सरकार, कंपन्या, कामगार संघटना. १९८० मध्ये अलेक्झांडर किलँड ही रिग उलटून १२३ माणसं बुडाल्याची आठवण त्या देशात अजून जिवंत आहे. सुकाणूंनी लिहिलं होतं तो 'थांबा' म्हणणारा आवाज तिथे कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीला कायद्याने दिलाय. काम धोक्याचं वाटलं तर तो थांबवू शकतो.

अमेरिकेतलीच एक चांगली गोष्ट मात्र सांगायलाच हवी. व्हाल्डिझनंतरच्या १९९० च्या कायद्यात अलास्कासाठी नागरिकांच्या सल्लागार परिषदा आल्या. प्रिन्स विल्यम साउंडच्या परिषदेत किनाऱ्यावरची गावं, मच्छीमार, आदिवासी समूह यांचे प्रतिनिधी बसतात. खर्च तेल उद्योगाकडून येतो, पण कंपनीचं नियंत्रण नाही. ते स्वतः तज्ज्ञ नेमतात, कंपनीचे आराखडे वाचतात, सराव बघायला जातात. वॉलरस असलेला आराखडा तिथल्या मच्छीमाराने पहिल्याच वाचनात परत पाठवला असता. प्रत्येक तेलक्षेत्राच्या किनाऱ्याला अशी परिषद मिळायला हवी.


कातळ

ही परिषदेची कल्पना मला सरकारी खात्यापेक्षा जास्त पटते. ज्याचं जळतं त्यालाच वाचायला द्या. अधिकार फक्त सल्ल्याचा आहे की परवाना अडवण्याचा?


उधाण

सल्ल्याचाच. अडवण्याचा नाही. तरी आराखडे आणि सरावांवर परिषदेचे आक्षेप उघडपणे मांडले जातात, त्यामुळे नियामकाला ते कपाटात टाकून देता येत नाहीत.


सुकाणू

शेवटचा एक मुद्दा, कारण स्फोट झाला नाही तरी गळती होते हे लोक विसरतात.

२००४ ला इव्हान चक्रीवादळाने आखातात समुद्रतळाचा चिखल सरकला आणि टेलर एनर्जीचा एक प्लॅटफॉर्म आडवा झाला. खालच्या विहिरी चिखलात गाडल्या गेल्या आणि तेल झिरपत राहिलं. पाच-दहा दिवस नाही, वर्षानुवर्षं. २०१९ मध्ये तटरक्षक दलाने नेमलेल्या ठेकेदाराने समुद्रतळावर झाकण बसवून तेल गोळा करायला सुरुवात केली तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं. कंपनीने विहिरी बंद करायला ६६ कोटी डॉलरहून मोठा निधी ठेवला होता. पुढे त्यातले उरलेले पैसे परत मागायला ती सरकारविरुद्ध न्यायालयात गेली. २०२१ च्या तडजोडीत निधीतले राहिलेले ४३.२ कोटी सरकारकडे गेले. हा निधी आधी ठेवून घेतला नसता तर ते पैसे कुठून आले असते?

म्हणून माझी मागणी साधी आहे. विहीर खणायचा परवाना देतानाच ती बंद करायचे पैसे ठेवून घ्या. पूर्ण, रोख किंवा बँक हमी. मोठ्या कंपन्या तेल संपत आलं की जुन्या विहिरी छोट्या कंपन्यांना विकतात, छोटी कंपनी दिवाळं काढते, आणि बंद न केलेली विहीर जनतेच्या गळ्यात. विकणाऱ्याची जबाबदारी विक्रीनंतरही सुटता कामा नये. हा नियम कुठल्याही देशात लागू करायला नवं तंत्रज्ञान लागत नाही.


कातळ

याला माझा पूर्ण पाठिंबा. नुकसान करणाऱ्यानेच पैसे भरायचे, आणि आधी भरायचे. त्यासाठी निरीक्षकाचीही गरज नाही.


उधाण

@कातळ, गरज आहे. विहीर खरंच बंद झाली का, सिमेंट धरलं का, हे तपासल्याशिवाय तो निधी परत द्यायचा नाही. आणि ती तपासणी करणारा रॉयल्टी खात्याचा नसावा.